पोचल्याचा फोन

पिंपळगाव रेणुकाई सोडलं त्या सकाळी एस.टी.च्या खिडकीतून मागं पाहिलं, तर आई दारात उभी होती आणि अंगणात रात्रीचा पाचोळा तसाच होता. आमच्याकडं घरातलं माणूस गावाला निघालं की ते पोचल्याची खबर येईपर्यंत झाडत नाहीत. भोकरदनमार्गे जालन्याला उतरलो, फोन केला आणि घर झाडून झालं. तेव्हा हा नियम कुणालाच जड नव्हता.

जड झाला तो रेल्वेमुळं. नोकरी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात, राहायला जालन्यात मामांची रिकामी खोली, आणि मधे सकाळची पॅसेंजर. तुमच्यापैकी जे त्या गाडीनं गेलेत त्यांना काही सांगायला नको. जे गावातच राहिले त्यांना सांगून पटायचं नाही. एक नवी वेगवान गाडी सुरू झाली तेव्हा फलाटावर मांडव, ढोल, हार, सगळं होतं. आमची पॅसेंजर शेजारीच थांबवून ठेवलेली, त्यामुळं वेगाच्या कौतुकाची तिन्ही भाषणं ऐकावी लागली. वेगवान गाडीही उशिराच सुटली, कारण झेंडा दाखवणारे यायचे होते.

रोजच्या कामाला हा नियम लागत नाही, असं मी आईला परोपरीनं सांगितलं. ती म्हणाली, "रेल्वेत बसतो ना? मंग गावालाच चालला." त्यामुळं गाडी बदनापूरच्या पुढं माळावर उभी राहिली की तिकडं आमचं अंगण खोळंबायचं. माझी अर्ध्या दिवसाची रजा लागायची आणि आईला शेजारणींचे टोमणे.

माझ्या बहिणीला, अनिताला, पाहुणे बघायला येणार होते, त्या दिवशी तर गाडी दीड तास हललीच नाही. अनिताचा फोन आला, "दादा, पोच न्हाई तर तिथंच उतर! पाहुणे भोकरदनहून निघाले, अन् आई खराट्याला हात लावू देईना." मी आईला फोन घ्यायला लावला आणि आयुष्यात प्रथमच तिच्याशी खोटं बोललो. "पोचलो आई. झाड आता."

नेमका तेव्हाच डब्यात शेंगावाला शिरला. त्याची आरोळी ऐकून आई शांतपणे म्हणाली, "कारखान्यात शेंगा कोण विकून राह्यलं रे?"

अंगण तसंच राहिलं. पाहुणे आले ते कडुनिंबाची पानं तुडवत. अनिता आत रडायला आलेली. मुलाची आजी पायरीवर थांबली, अंगणभर नजर फिरवली आणि आईला विचारलं, "घरातलं कोण बाहेरगावी गेलंय, बाई?" आईनं सांगितलं. "अजून पोचला न्हाई? मंग चहा सावकाश ठेवा," असं म्हणून आजी बसली. मी चिकलठाण्याला उतरलो तेव्हा सोयरीक ठरत आल्ती. माझ्या मनावरचं ओझं उतरलं. रजा मात्र लागलीच.

त्याच महिन्यात मी जालन्याची खोली सोडली. आता कारखान्यापासून दहा मिनिटांवर राहतो, पायी जातो. लांबून गाडीची शिट्टी ऐकू येते; ती का वाजली आणि गाडी कुणासाठी थांबली, याच्याशी मला देणंघेणं उरलेलं नाही, हे सुख कितीही उपभोगलं तरी मन भरत नाही. पण चिकलठाण्याला अजून 'घर' म्हणवत नाही. खोली स्वच्छ असते, ती मीच केव्हाही झाडतो.

पायी जाणंही आईच्या लेखी गावाला जाणंच आहे, कारण तिच्या नजरेच्या पलीकडं आहे. पहिल्या दिवशी फोन केला तर म्हणाली, "इतक्या जल्दी? शेंगावाला कुठाय?" शेवटी गेटवरच्या वॉचमनकाकांना फोन द्यावा लागला. "पोचले, मावशी, बराबर पोचले," त्यांनी सांगितलं. तेव्हापासून हे रोजचंच आहे. काका फोन परत देतात, तोवर आईनं तिकडचा फोन तसाच चालू खाली ठेवलेला असतो, आणि मी गेटवर दोन मिनिटं जास्त उभा राहून आमच्या अंगणात फिरणारा खराटा ऐकतो.