कळशीवरची तारीख

औरंगपुऱ्यात भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर नावं टाकणारा एक माणूस बसतो. इतकी वर्षं जातोय, पण त्याचं नाव मी विचारलेलं नाही. तोही "नाव? कार्य? तारीख?" एवढंच विचारतो, मशीन फिरवतो आणि स्टीलची भुकटी फुंकतो. महिना कायम आकड्यात.

परवा भाचीच्या लग्नासाठी मी कळशी घेतली. तारीख सांगितली, "सव्वीस अकरा."

शेजारचं गिऱ्हाईक लगेच म्हणालं, "मुंबईवर हल्ला झाला तीच की!"

मला त्याचा राग आला. खरं तर तारीख ठरली तेव्हा माझ्याही मनात तेच आलं होतं.

नावं टाकणाऱ्यानं मान वर केली नाही. सावकाश, अख्खा 'नोव्हेंबर' कोरला.

"आज अक्षरात?" मी विचारलं.

"पोरीला रोज पाणी भरायचंय, साहेब. रोज ते कशाला आठवायचं?"

कळशी माझ्या हातात देऊन त्यानं जेवायचा डबा पुढं ओढला. झाकणावर त्याच्याच लग्नाची तारीख होती, घासून पुसट झालेली. २६-११. साल हल्ल्याच्या आधीचं.

"आमच्या टायमाला नुसती तारीख व्हती," तो म्हणाला, आणि झाकणावर फडकं टाकून जेवायला लागला.