बारा जुनी पॅनेलं आणि खडूच्या खुणा

आमच्या गच्चीवरच्या सौर यंत्रणेत एक बिघाड होता आणि तो बिघाड म्हणजे मी होतो. हे कळायला आम्हाला अडीच महिने लागले.

मी निवृत्त भूगोलशिक्षक. सूर्य किती अंशांनी कलतो हे मी चौतीस वर्षं फळ्यावर काढून दाखवलं, पण त्याच्यापासून घरची वीज काढावी ही कल्पना माझी नव्हे. ती दादाची. दादा माझा थोरला भाऊ, वारज्याला मुलाकडे राहतो. एका कारखान्यात विजेच्या दुरुस्त्या करण्यात त्याचा जन्म गेला. (त्याचा हात लागूनही सुधारलं नाही असं आमच्या घराण्यात एकच यंत्र, ते म्हणजे मी! असं तो पाहुण्यांना सांगायचा.) धायरीतल्या आमच्या घराची मोकळी गच्ची बघून त्याचा जीव तळमळायचा. एका हॉटेलवाल्याने जुनी पॅनेलं काढून नवी बसवली, तेव्हा ती जुनी बारा दादाने टेम्पोत घालून थेट आमच्या दारात आणली.

"अरे, वापरलेली आहेत, मेलेली नाहीत," तो म्हणाला. "आपणसुद्धा वापरलेलेच आहोत की!"

"तुम्ही दोघं तर बरेच," आमची ही म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

पहिला महिना झकास गेला. मग दादाने मला एक काम सांगितलं. "नंदू, चहूकडे बांधकामं आहेत, धूळ बसते. आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसत जा." आता मी पडलो शिक्षक. सांगितल्यापेक्षा जास्त अभ्यास करणारा विद्यार्थी मला पहिल्यापासून आवडतो. मी आठवड्याचं रोज केलं आणि कोरड्याचं ओलं. रोज सकाळी सहाला बादली, कपड्यांची पावडर आणि पाइप घेऊन मी गच्चीवर! देवांनासुद्धा मी इतकं मन लावून न्हाऊ घालत नाही. दादाला एकदम चकाचक पॅनेलं दाखवून चकित करायचं, म्हणून त्याला बोललो नाही.

दुसऱ्याच आठवड्यात जिन्यातल्या इन्व्हर्टरवर लाल दिवा लागला. पडद्यावर अक्षरं आली, इन्सुलेशन फॉल्ट. मी दादाला फोन लावला.

"घाबरू नकोस," दादा म्हणाला. "पॅनेलातली वीज कुठून तरी बाहेरच्या सांगाड्यात झिरपतेय. ते यंत्र रोज सकाळी आधी हेच तपासतं आणि झिरपतंय असं दिसलं की गप्प बसतं. शहाणं आहे."

दादा जेवून, दोन बस बदलून, बाराच्या उन्हात आला. तोवर लाल दिवा आपोआप गेला होता. तरी त्याने टोपी घातली आणि एकेक पॅनेल सुटं करून त्याला मीटर लावायला सुरुवात केली. जे पॅनेल ठीक निघेल त्याच्या चौकटीवर खडूने आकडा लिहायचा, ही त्याची कारखान्यातली चाळीस वर्षांची पद्धत. गुडघ्यांमुळे दिवसाला चारच पॅनेलं व्हायची. चार झाली आणि तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा लाल दिवा. दुपारी दादा पुन्हा हजर.

"नंदू, मी काल चार खुणा केल्या होत्या ना?"

मी चष्मा लावून पाहिलं. चौकटी लख्ख! "नाही रे दादा. इथे काहीच नाही."

(पाण्याचे शिंतोडे उडतात म्हणून सकाळी मी चष्मा खालीच ठेवायचो. मी काय पुसतोय हे मलाच दिसत नव्हतं!)

दादाने पुन्हा एकपासून सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग त्याने खिशातल्या डायरीतही लिहायला सुरुवात केली, तर आणखी पंचाईत! डायरी म्हणे चार झाली, चौकट म्हणे एकही नाही. दादा डायरीकडे बघायचा, चौकटीकडे बघायचा आणि मग माझ्याकडे. मी मान हलवायचो.

एका दुपारी तो म्हणाला, "पाणी जातंय नंदू. मागच्या बाजूला बारीक भेगा असणार, तिथून पाणी जातंय."

"पाणी? भर एप्रिलमध्ये? इथे माणसांना टँकर मागवावा लागतो दादा, आणि पॅनेलांना कुठलं पाणी?"

त्याच दिवशी सकाळी मी स्वतः चार बादल्या ओतल्या होत्या! पण ती धुलाई होती. धुलाई म्हणजे पाणी, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

असं कितीतरी दिवस चाललं. शेवटी एकदा दादाने विचारलं, "नंदू, नीट आठवून सांग. मी काल आलो होतो ना?" उन्हाने माझं डोकं तापलं होतं. मी हसत हसत म्हणालो, "दादा, पुरे आता. तुझं आईसारखं व्हायला लागलंय."

आमची आई शेवटी आम्हा दोघांनाही ओळखत नव्हती. तिला भरवायचं काम दादाने केलं होतं, मी नाही. माझं हसू माझ्याच तोंडात राहिलं. दादाने मीटर पिशवीत घातला, हातावरचा खडू झटकला आणि तो सावकाश जिना उतरून गेला. त्यानंतर तो आला नाही. फोन केला की म्हणायचा, "दुसरा कुणीतरी बघ रे. माझं आता काही खरं नाही."

मे महिन्यात मला ताप आला. चार दिवस अंथरुणात होतो. चारही दिवस यंत्र सकाळी सातला मुकाट्याने सुरू झालं. पाचव्या दिवशी मी बरा झालो, बादली घेऊन वर गेलो आणि खाली येतो तर लाल दिवा!

"अहो," ही जिन्यातून म्हणाली, "तुम्ही आजारी असलात की ते बरं असतं."

मी तिथेच पायरीवर बसलो. "मी रोज धुतो हे तू दादाला का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं तुम्ही सांगितलंय. आणि मला विचारलं कुणी?"

तसाच वारज्याला गेलो आणि सगळं कबूल केलं. दादा खुर्चीतून उठलाच. "म्हणजे खुणा मी केल्या होत्या! अरे गाढवा, केल्या होत्या मी!" सुनेला हाक मारून त्याने तेच पुन्हा ऐकवलं. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी येऊन त्याने एकेका पॅनेलवर पाणी मारलं आणि तासाभरात भेगा पडलेली दोन पॅनेलं शोधून काढली. त्या दिवशी तो चाळीस वर्षांचा दिसत होता.

पण माझ्या त्या वाक्याने हादरून त्याने आधीच मुलाबरोबर डॉक्टर गाठला होता. तपासण्या झाल्या. खुणा खऱ्या होत्या, आणि आजारही खरा निघाला. दोन महिन्यांनी एका रविवारी त्याने मला विचारलं, "नंदू, तुझ्या त्या पॅनेलांमधला दोष सापडला का रे? मला काही जमलं नाही बघ."

मी पुन्हा पहिल्यापासून कबूल केलं. तो पुन्हा खुर्चीतून उठला, पुन्हा मला गाढव म्हणाला, पुन्हा सुनेला हाक मारली. पुढच्या रविवारीही तेच. मग मी दर रविवारी जायला लागलो. तेवढा तासभर तरी त्याला आपलं डोकं शाबूत वाटायचं. मला रडू यायचं, पण मी ते शिव्यांच्या नावावर खपवायचो.

मागच्या रविवारी गेलो, तर मला पाहून दादा सोफ्यावर जरा सरकला. "बसा," म्हणाला.

मी बसलो. नेहमीचंच सांगितलं, फक्त 'माझा थोरला भाऊ' असं म्हणत. त्याने मन लावून ऐकलं आणि तो हळहळला.

"म्हणजे त्या थोरल्या भावाचं काहीच चुकलं नव्हतं हो!"

"नव्हतं."

"मग त्याला जाऊन सांगितलंत का? बिचारा जिवाला लावून घेऊन बसला असेल."

"सांगितलं. दर रविवारी सांगतो."

"काय म्हणतो तो?"

"गाढव म्हणतो मला."

दादाने मला नीट निरखून पाहिलं. "छे छे," तो म्हणाला, "असं म्हणू नये त्याने. तुम्ही तर चांगले समजूतदार गृहस्थ दिसता."

सदुसष्ट वर्षांत दादाचा माझ्याबद्दल इतका मोठा गैरसमज कधी झाला नव्हता.