बेंबळीचे करीमभाई आणि अणदूरचा लेफ्ट आउट

सोलापूरच्या एस.टी. स्टँडवरून गाडी सुटली तेव्हा करीमभाई शेजारच्या म्हाताऱ्याला समजावून सांगत होते की ते एजंट आहेत खरे, पण विम्याचे नव्हेत. ते फुटबॉलच्या खेळाडूंना नोकऱ्या लावून देतात. म्हाताऱ्याने शांतपणे ऐकून घेतले आणि आपल्याला विमा काढायचा नाही, असे पुन्हा एकदा सांगितले.

महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. मी मुंबईच्या एका गिरणीत कामाला होतो आणि गिरणीच्या संघाचा कप्तान होतो. आमचा लेफ्ट आउट, म्हणजे डाव्या कडेने खेळणारा गडी, रेल्वेच्या संघात गेला होता. मॅनेजरसाहेबांनी मला धाडले ते एवढ्याचसाठी, की करीमभाई ज्या खेळाडूची तारीफ करतात त्याला डोळ्यांनी पाहून ये.

करीमभाई बेंबळीचे. निजामाच्या अमलात पोरवयात हैदराबादला गेले आणि अनवाणी खेळू लागले. पुढे सोलापूर, पुणे, बंगळूर, कलकत्ता आणि आमची मुंबई. कुठेही दोन हंगामांवर टिकले नाहीत. कुणाचा हाफ आजारी पडला, कुणाचा इनसाइड पळून गेला की करीमभाईंना बोलावणे यायचे. आमच्याकडेही ते असेच आले आणि गेले. वर्तमानपत्रात त्यांचे नाव छापून आलेले मी कधी पाहिले नाही.

इटकळच्या पुढे गाडीचे चाक बसले. उतरून आम्ही चालू लागलो. दोन्ही बाजूंना ज्वारी कणसांवर आली होती आणि थंड वाऱ्यात पाने सळसळत होती. अणदूरला पोचलो तेव्हा माझे पांढरे बूट तांबूस झाले होते. गावचे खंडोबाचे देऊळ मोठे, पण देव दरवर्षीप्रमाणे त्या दिवसांत नळदुर्गला मुक्कामाला होते. रिकाम्या गाभाऱ्याला हात जोडून आम्ही नरसूअप्पांच्या घरी गेलो.

नरसूअप्पा म्हणजे आम्ही पाहायला आलो होतो त्या लेफ्ट आउटचे वडील. चांगले बागायतदार, बोलणे मोजके. त्यांनी आधी माडगे (हुलग्याच्या पिठाचे गूळ घातलेले गरम पेय) पाजले, मग धपाटे आणि दही पुढे ठेवले. त्यांचा शिवा उंच, सावळा, लाजरा होता. तो दारातच उभा राहिला.

जेवण झाल्यावर अप्पांनी विचारले, "चेंडूमागं पळायला पगार देतंय कोण?"

करीमभाईंनी सांगितले, पगार गिरणीतल्या कामाचा. खेळासाठी सुट्टी मिळते.

"आन् पाय मोडला तर?"

करीमभाई म्हणाले, "माझा मोडला होता अप्पा, बंगळूरला. त्यांनी मला गाडीत बसवून दिलं अन् नवा माणूस आणला. माझ्या वतीनं बोलायला कुणी नव्हतं. म्हणून तर मी हे काम धरलं. पाय मोडला तरी शिवाची नोकरी राहील, एवढं कबूल करून घेतल्याबिगर मी त्याला न्हेणार न्हाय."

असे म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिले. असा शब्द द्यायचा अधिकार मला नव्हता. पोरगा तुम्ही म्हणता तसा खेळला तर मी साहेबांशी भांडेन, इतकेच मी म्हणालो. करीमभाईंनी शिवाला उस्मानाबादच्या एका सामन्यात उतरवायचे ठरवले होते. अप्पांनी आपणही तो सामना पाहायला येणार असल्याचे सांगितले.

दुसऱ्या दिवशी नळदुर्गचा किल्ला उजवीकडे टाकून, तुळजापूरला देवीचे दर्शन घेऊन आम्ही उस्मानाबादला पोचलो. सामना तिथल्या संघाचा आणि सोलापूरहून आलेल्या एका तयार संघाचा होता. शिवाला करीमभाईंच्या शब्दाखातर घेतले होते. मैदान म्हणजे मुरमाचा माळ. जवळच्या बेंबळीहून बैलगाड्या भरून माणसे आली होती. काही जण करीमभाईंचे चुलत-मावस भाऊ, काही नुसतेच गाववाले. करीमभाई एवढी वर्षे खेळले, पण त्यांचा खेळ यातल्या एकानेही पाहिला नव्हता. त्यांनी पाहिले होते ते ट्रंक घेऊन येणारे आणि ट्रंक घेऊन जाणारे करीमभाई.

पहिल्या अर्ध्यात सोलापूरकरांनी गोल चढवला. शिवा डाव्या कडेला नुसता उभा होता. शहरातली पोरे खेड्यातल्या परक्या गड्याला चेंडू देईनात. तो हात वर करायचा, चेंडू उजवीकडे जायचा. अप्पा माझ्या शेजारी बसून गवताची काडी चावत होते. साहेबांना काय सांगायचे? न पाहिलेल्या खेळाची मी शिफारस करणार कशी?

मध्यंतरात उस्मानाबादच्या इनसाइड लेफ्टच्या (शिवाच्या लगत आत खेळणाऱ्या गड्याच्या) पोटरीत गोळा आला. बदली गडी नव्हता. सोलापूरच्या कप्तानाने दिलदारपणे सांगितले, कुणालाही उतरवा.

करीमभाईंनी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला, चपला माझ्याकडे दिल्या आणि अनवाणी मैदानात गेले. बेंबळीकर हसले. केस पिकलेला, पोट सुटलेला माणूस; धावणे तर त्यांना जमतच नव्हते. पण चेंडू जिथे येणार तिथे ते आधीच उभे असत. आणि आलेला चेंडू ते पायाशी ठेवत नसत. एका स्पर्शात तो डावीकडे, शिवाच्या पुढ्यात जाई.

मग शिवा सुटला. तसे सुटणे मी मुंबईतही क्वचित पाहिले होते. दोघांना अंगावर घेऊन तो आत वळला आणि गोलीला हलायला सवड न देता चेंडू मारला. बरोबरी झाली. अप्पांनी काडी थुंकली आणि ते उभे राहिले.

सामना संपत आला तेव्हा शिवा पुन्हा कडेने कोपऱ्यापर्यंत गेला. स्वतः मारता आला असता, तरी त्याने चेंडू मागे दिला. तिथे करीमभाई एकटे उभे होते. त्यांनी जोर लावला नाही. घरात पाहुणा यावा तसा चेंडू गोलात गेला.

बेंबळीकरांनी त्यांना खांद्यावर घेतले. "उतरवा रे, पडंन मी," असे ते म्हणत राहिले, पण कुणी ऐकले नाही. त्या गर्दीतून वाट काढत अप्पा माझ्यापाशी आले.

"न्ह्या त्याला. पर पायाचं तेवढं ध्यानात ठिवा."

या वेळी मी अप्पांना शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर करीमभाई मला आणि शिवाला पोचवायला आले. हात मोकळे होते, ट्रंक नव्हती. ते चार दिवस बेंबळीला राहणार होते. एवढ्या संघांतून खेळलात, त्यातला आपला कोणता वाटला, असे मी त्यांना विचारले.

"कालचा," ते म्हणाले. "सामना संपला आन् मला कुठं जायचं नव्हतं, असं पयल्यांदाच झालं."

मुंबईत साहेबांनी माझा शब्द ऐकून कपाळाला आठ्या घातल्या. पण शिवाला एकदा खेळताना पाहिल्यावर त्यांनी तो मान्य केला. नंतर आलेल्या प्रत्येक खेळाडूला तोच शब्द मिळाला. खेळायच्या वयात पाय मोडल्यावर ज्याला कुणी विचारले नाही, त्या माणसाने आमच्या गिरणीचा रिवाज बदलला. शिवाने पुढे आम्हाला पुष्कळ सामने जिंकून दिले आणि त्याचे नाव वर्तमानपत्रांत छापून येऊ लागले. बातमीत अणदूरचा उल्लेख नसला की तो नाराज होई; मी मात्र त्यात बेंबळी शोधत असे.