शेजारच्या दोन घागरी

फोन आला तेव्हा मी गोष्ट सांगत होतो. धुळ्याच्या आमच्या कचेरीत चारला चहा येतो आणि चहाबरोबर माझी गोष्ट, असा जुना रिवाज आहे. साहेबांची नक्कल ऐन रंगात आली होती. त्याच हसऱ्या तोंडाने मी रिसीव्हर कानाला लावला. पलीकडे असोद्याच्या अक्का होत्या, आबांच्या शेजारच्या. "भाऊ, आबा गेले. केळीले पानी द्यायले गेले होते, तठीच बांधावर बसले, ते उठलेच नई…" फोन ठेवून मी वळलो, तर सगळे माझ्याकडे बघत, पुढे काय होतं याची वाट पाहत. त्यांना वाटलं, हाही गोष्टीतलाच भाग.

आबा म्हणजे माझ्या प्रल्हादचे थोरले भाऊ. प्रल्हाद आणि मी जळगावच्या शाळेत एका बाकावर. मी पुढे सरकारी खुर्चीत शिरलो, तो फौजेत. एकाहत्तरच्या लढाईत तो हरवला. आधी बेपत्ता असल्याची तार आली, काही महिन्यांनी गेल्याचा कागद आला, त्यामागून त्याची ट्रंक आली. तो आला नाही. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, नाव घेऊन त्यांना जेवायला बोलावतात. प्रल्हादची घागर त्याच्या मायने कधी भरू दिली नाही. "जित्या मानसाची घागर भरतं का कोनी?" एवढंच ती म्हणायची. बायको लवकर गेलेली, लेकरू नाही, असे आबा मान खाली घालून बापाची घागर भरायचे आणि उठायचे.

मग माय गेली. तिची घागर भरायची आखाजी तोंडावर आली आणि आबा एक दिवस एसटीने थेट माझ्या कचेरीत येऊन उभे राहिले. मला ते नाटक्या म्हणत, आणि तेही शिपायासमोर. "नाटक्या, दिल्लीले लढाईत गेलेल्याईची नावं दगडात कोरेल हायेत म्हने. तुले इंग्रजी वाचता येते. मले घेऊन चाल. नाव असलं तर घागर भरतो. नसलं तर माय म्हने तेच खरं." मी म्हटलं, आबा, सरकारी कागद आहे ना घरात. "कागद कोनी बी लिहिते. दगडावर लिहाले मेहनत लागते."

आमचा तो प्रवास मी नंतर कचेरीत किती वेळा रंगवून सांगितला असेल. आबांनी सोबत कच्च्या केळ्यांच्या फण्या घेतल्या होत्या, दिल्ली येईपर्यंत पिकतील म्हणून. भोपाळच्या आतच सगळा डबा केळी खात होता आणि आबा प्रत्येकाला सांगत होते, "भाईका नाम देखने जाता." लोक विचारत, भाई मंत्री आहे का? मग मी मध्ये पडून तो किती मोठा मंत्री आहे ते सांगायचो. आबा हसायचे. इथवरच मी सांगतो. पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही.

ती भली थोरली कमान, अंगावर नावंच नावं. आबांनी टोपी काढून हातात धरली. मी वाचायला लागलो आणि थोड्याच वेळात थांबलो. ही सगळी नावं इंग्रजांच्या काळातल्या लढायांची होती. आमच्या प्रल्हादच्या लढाईतल्यांसाठी कमानीखाली ज्योत होती. ज्योतीवर नाव कसं असणार? दोघं धुळ्या-जळगावकडची अडाणी माणसं, आम्ही दगड पाहायला आलो तो चुकीच्या लढाईचा.

"सापडलं का रे?" आबा मान वर करून विचारत होते. अक्षरं त्यांना लागत नव्हती, तरी डोळे एकेका ओळीवरून फिरत होते.

मी बोट वर केलं. "सापडलं." आणि स्टेजवरच्या आवाजात वाचलं, "शिपाई प्रल्हाद नथू पाटील, असोदे."

ते माझ्या बोटाच्या रोखाने बघत राहिले… बराच वेळ. मग म्हणाले, "त्याच्या आजूबाजूले कोन हाये?" एवढं मात्र मी खरं वाचलं. बोट जिथे होतं तिथे वर हरनामसिंग होता, खाली करीमबक्ष. आबांनी दोन्ही नावं माझ्याकडून तीनदा म्हणून घेतली. मग पिशवीतून घरून आणलेली गोड सांजोरी काढून ज्योतीकडे निघाले. आमच्याकडे पितरांचा घास विस्तवात टाकतात, इथे तर विस्तव तयारच होता. पहाऱ्यावरच्या जवानाने साखळीपाशी अडवलं. आबा म्हणाले, "घरका आदमी है साब, उधर." जवान बाजूला झाला. सांजोरी त्याने साखळीच्या आत, फुलांशेजारी ठेवू दिली.

त्या आखाजीला असोद्यात आई-बापाच्या घागरींपुढे आणखी तीन घागरी भरल्या. अक्का म्हणाल्या, "आबा, हे दोघं कोन तुमच्या घरातले?" आबांनी डांगर नीट बसवलं. "शेजारी हायेत त्याचे. हा जेवीन आन ते दोघं त्याच्या तोंडाकडे पाहातीन का?" दरवर्षी मी धुळ्याहून जायचो, कारण त्यांना नावांची धास्ती वाटे, चुकीचा माणूस बोलावला जाईल म्हणून. मी म्हणायचो, ते मागोमाग म्हणायचे. दोन नावं खरी, मधलं खोटं. दरवर्षी परतीच्या गाडीत ठरवायचो, पुढच्या वर्षी सांगून टाकू.

परवाची आखाजी मी एकट्याने केली. अक्कांनी कुलूप काढून दिलं. घरात केळीच्या चिकाचा वास होता, खुंटीवर त्यांचा शेतातला सदरा. घागरी भरल्या, आई-बापाच्या, प्रल्हादची, शेजाऱ्यांच्या आणि आता आबांची. आबांच्या घागरीसमोर बसून मी सगळं सांगितलं. दगड चुकीचा होता, नाव नव्हतं, मी वाचलं ते माझ्या पदरचं. गोष्टी सांगण्यात जन्म गेला माझा, पण अशी गोष्ट पहिल्यांदाच, जिच्यात कुणी हुंकारही भरत नव्हतं.

मग नावं घ्यायची वेळ आली. आई-बापाची घेतली. आबांचं घेतलं. हरनामसिंग झाला, करीमबक्ष झाला, त्यांची नावं दिल्लीच्या दगडावर आहेत. प्रल्हादशी मात्र येऊन मी अडखळलो. त्याचं नाव कुठेच कोरलेलं नाही. एक आबांच्या तोंडी होतं, एक माझ्या…

मी उठून दार लावून घेतलं आणि मोठ्याने म्हटलं, शिपाई प्रल्हाद नथू पाटील, असोदे. मागोमाग कुणी म्हटलं नाही. म्हणून पुन्हा मीच म्हटलं.