उजवीकडून लिहिलेली गाठ

आमच्या गणित विभागात निरोपसमारंभ म्हणजे फुलांचा गुच्छ, डीनसाहेबांचं लांबलचक भाषण आणि कोमट पेप्सी. इन्शिराह आब्लाने, म्हणजे इन्शिराह बाईंनी, ही तिन्ही नाकारली. "मला फळा द्या आणि तासभर कुणी मध्ये बोलू नका," ती म्हणाली. अलेक्झांड्रियाच्या या विद्यापीठात उभं आयुष्य शिकवून ती साठीला निवृत्त होत होती, आणि शेवटचं व्याख्यान तिला स्वतःच्या अपयशावर द्यायचं होतं. तिने नाव ठेवलं होतं, 'न चाललेली एक मोजणी'.

मला भयंकर राग आला होता. मी तिची विद्यार्थिनी, मग सहकारी. मला जे काही येतं ते तिच्यामुळे, आणि हे म्हणायला मला कधी लाज वाटली नाही. अशा बाईने जाताना हात वर करून 'मला जमलं नाही' म्हणायचं? मी तिच्याशी भांडले.

"राविया, रस्ता बंद असेल तर पाटी लावायची असते," ती म्हणाली. "नाहीतर उद्या तुझीच एखादी पोरगी त्याच रस्त्याने दहा वर्षं चालत जाईल."

आब्ला मूळची रशीदची, नाईल जिथे समुद्राला मिळते त्या गावची. घरात बहिणी बहिणी, आणि रोज सकाळी सगळ्यांच्या वेण्या घालायचं काम हिच्याकडे. शिकली सरकारी शाळेत, म्हणजे गणितसुद्धा अरबीतून, उजवीकडून डावीकडे. इकडे विद्यापीठात आली तर प्राध्यापक फळ्यावर डावीकडून उजवीकडे लिहितायत, तेही इंग्रजीत. पहिल्या परीक्षेत तिने सगळी समीकरणं सवयीने उजवीकडून लिहिली. प्राध्यापकांनी पेपर परत देताना म्हटलं, "पोरी, उत्तरं बरोबर आहेत, पण मला आरसा घेऊन बसावं लागलं." तेव्हापासून तिने तडजोड केली. चारचौघांत डावीकडून, आणि एकटी विचार करत असली की उजवीकडून. आमच्यासारख्यांचा घोळ होऊ नये म्हणून ती ओळीच्या सुरुवातीला एक छोटा बाण काढायची आणि वर लिहायची 'मिन हिना', म्हणजे इथून. विभागात त्यावरून तिची फार थट्टा व्हायची. कुणी चहा मागवला तरी विचारायचे, "कपाला बाण काढलाय का? प्यायचा कुठून?"

तिचा विषय गाठींचा. दोन्ही टोकं जोडून टाकलेल्या दोऱ्याची गाठ घ्या. ती ओढा, ताणा, पिळा, फक्त कापू नका. एवढं करून जी संख्या बदलत नाही ती त्या गाठीची खूण. अशा खुणा शोधणं हे एक काम. उलटा प्रश्न त्याहून अवघड असतो: हातात फक्त खुणा आहेत, तर गाठ कोणती ते सांगता येईल का? आब्ला म्हणायची, दार वाजलं की न उघडता कोण आलंय ते ओळखायचं, तसं आहे हे. तिचा नवरा फत्ही औषधांच्या दुकानात बसायचा. तो मला नेहमी विचारायचा, "पगार गाठींचा घेते, मग माझ्या बुटाच्या नाड्या का बांधून देत नाही?"

आता मुद्द्याचं. दोऱ्यावर चालायची दिशा ठरवली की प्रत्येक गाठीची एक उलटी जोडीदारीण तयार होते, म्हणजे तीच गाठ पण उलट्या दिशेने चाललेली. बहुतेक साध्या गाठींत दोघी एकच निघतात. काहींत मात्र त्या खरंच वेगळ्या असतात, आणि आमच्या नेहमीच्या वापरातल्या नावाजलेल्या खुणांना तो फरक दिसतच नाही. आब्लाने स्वतःची एक मोजणी बसवली होती. दोऱ्याच्या तुकड्यांना ठरावीक नियमाने रंग द्यायचे, किती प्रकारे देता येतात ते मोजायचं, आणि प्रत्येक प्रकाराला वजन द्यायचं. तिची आशा होती की या मोजणीला दिशा दिसेल. तिचं सगळं काम या एका आशेवर उभं होतं.

पडताळा घ्यायला तिने आठ छेदांची, म्हणजे दोरा आठ ठिकाणी स्वतःवरूनच जातो अशी, एक गाठ निवडली. ही गाठ आणि तिची उलटी वेगळ्या आहेत हे जगाला आधीपासून ठाऊक होतं, त्यामुळे मोजणीने दोन वेगळी उत्तरं द्यायला हवी होती. संगणकाचं काम किरोलोसकडे होतं. किरोलोस बुशरा हा आमच्यातला सगळ्यात काटेकोर माणूस, फ्रेंच पाद्र्यांच्या शाळेत शिकलेला, पेन्सिलींनासुद्धा एका रांगेत ठेवणारा. मूळ गाठीचे आकडे, म्हणजे दोऱ्यावर चालताना छेद ज्या क्रमाने लागतात ते, त्याने छापील तक्त्यातून आधीच घातले होते. उलटीचे आकडे आब्लाने त्याच्या खोलीतल्या फळ्यावर लिहून दिले. उत्तर आलं, दोन्ही सारख्याच. मोजणीला दिशा दिसत नव्हती.

आब्लाने त्या दिवशी नुसतं "बरं" म्हटलं आणि ट्राम पकडून घरी गेली. त्यानंतर काही वर्षं तिने त्या मोजणीचं नाव काढलं नाही. किरोलोसने एकदा पुन्हा करून बघू म्हटलं तर म्हणाली, "बाबा, यंत्राला काय माझ्यावर राग आहे?"

तर व्याख्यानाचा दिवस. खोली भरली होती. फत्ही बसबूसाचं, म्हणजे रव्याच्या गोड वड्यांचं, तबक मांडीवर घेऊन मागे बसला होता आणि पाकाचा वास सगळ्यांच्या नाकात जात होता. आब्लाने फळ्यावर व्याख्यानाचं नाव लिहिलं, गाठ काढली, मोजणी समजावली, आणि मग तक्त्यातले आकडे डावीकडून उजवीकडे फळ्यावर उतरवले. "आणि ही उलटी," ती म्हणाली. शेवटचा दिवस, चारचौघांत असल्याचं भान सुटलेलं. तिचा हात आपोआप फळ्याच्या उजव्या कडेला गेला आणि तिथून डावीकडे लिहीत आली. सुरुवातही तिने नेहमीप्रमाणे वेगळ्याच छेदापासून केली. गाठ बंद असते, कुठूनही सुरू केलं तरी चालतं.

"आब्ला, बाण?" पहिल्या रांगेतून किरोलोस म्हणाला.

"कसला बाण?"

"मिन हिना. कुठून वाचायचं?"

"उजवीकडून, अर्थात."

खोलीत हशा पिकला. मागून कुणीतरी म्हणालं, "आज तरी सोडा बाईंना!" किरोलोस मात्र हसला नाही. तो उभा राहिला होता.

"त्या दिवशी माझ्या खोलीत," तो हळू आवाजात म्हणाला, "बाण काढला होतात का?"

आब्लाने खडू खाली ठेवला. "तू कुठून वाचलंस?"

"डावीकडून. अर्थात."

मला कळायला क्षणभर वेळ लागला. तिने उलटी गाठ उजवीकडून लिहिली होती. याने ती डावीकडून वाचली. दोनदा उलटवल्यावर गाठ पुन्हा मूळचीच झाली होती. सुरुवातीचा छेद वेगळा असल्यामुळे आकड्यांची ओळ तक्त्यातल्यासारखी दिसत नव्हती, म्हणून कुणाला संशय आला नाही. आकड्यांचं तोंड कुठे आहे ते नुसतं बघून कळत नाही. आम्ही त्या गाठीची तिच्या स्वतःशीच तुलना केली होती, आणि सारखी निघाली म्हणून गळा काढत बसलो होतो.

किरोलोसने पुन्हा बसून मांडीवर संगणक उघडला. तो आकडे घालत गेला आणि ते मी वाचून दाखवले, उजवीकडून, प्रत्येकावर बोट ठेवून. यंत्राला वेळ लागणार होता. कुणीतरी चहा आणला. आब्ला खिडकीशी जाऊन समुद्राकडे तोंड करून उभी राहिली आणि मी तिच्याशेजारी. माझं मनगट तिने इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतली.

"आलं," किरोलोस म्हणाला. त्याने संगणक आमच्याकडे वळवला. मी जाऊन पाहिलं. दोन उत्तरं वेगळी होती.

खोलीत एकच गलका झाला. फत्ही तबक घेऊनच उभा राहिला. "म्हणजे चांगलं झालं की वाईट? मला कुणीतरी अरबीत सांगा!" किरोलोस आब्लासमोर येऊन उभा राहिला, शाळेतल्या पोरासारखी मान खाली. "डॉक्टरबाई, तुमची वर्षं गेली. एक शब्द विचारायला हवा होता मी."

"आणि मी एक बाण काढायला हवा होता. गप बस." तिने त्याच्या खांद्यावर थोपटलं. तिचे डोळे वाहत होते आणि ती पुसतही नव्हती. "तू विचारलंस ना आज? भर सभेत, सगळे हसत असताना विचारलंस. देवाने तुझं भलं करावं, किरोलोस. तू नसतास तर मी ही पाटी लावून घरी गेले असते."

"पण तेव्हा मोजणी चुकली ती माझ्यामुळे."

"चुकली कुठे?" ती म्हणाली, आणि बोलता बोलता थांबली. हे तिला स्वतःलाही तेव्हाच उमगलं असावं. "आपण तिच्यापुढे एकच गाठ दोनदा ठेवली. तिने सांगितलं, एकच आहे. ती बिचारी खरं बोलत होती रे. आपणच तिच्यावर विश्वास ठेवला नाही."

मी त्या बाईची किती ऋणी आहे हे मला तेव्हा जेवढं कळलं तेवढं आधी कधी कळलं नव्हतं. वर्षानुवर्षं तिने मला एवढंच शिकवलं होतं की उत्तर आवडलं नाही तर आधी प्रश्न तपासा. तोच धडा शेवटच्या दिवशी तिला किरोलोसकडून परत मिळाला, आणि तो तिने हसत घेतला.

डीनसाहेब गुच्छ घेऊन दारात आले होते. मनाई मोडून आणलाच होता त्यांनी. "संपलं का व्याख्यान?" त्यांनी विचारलं.

"एका गाठीने सिद्धांत होत नाही, साहेब," आब्ला म्हणाली. तिने फळ्यावरचं 'न चाललेली' बोटाने पुसलं. खडू उचलून फळ्याच्या उजव्या कडेला गेली, ठळक बाण काढला आणि वर लिहिलं, मिन हिना.

"फुलं पाण्यात ठेवा. फत्ही, बसबूसा वाट. आणि बाकीचे बसा, आता कुठे सुरुवात होतेय."