माझ्याच गाऱ्हाण्याचा चोर

हसा हो, खुशाल हसा! पण हा पराक्रम माझ्याच तोंडून ऐका. तोंडवलीत आता तो तिखटमीठ लावून सांगतात.

आमच्याकडे नवी होडी असो की नवं दुकान, आधी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने मागायचं, बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. वाडीत मागायचा मान माझा. एका गाऱ्हाण्याचा व्हिडिओ मी नेटवर टाकला आणि तो भलताच गाजला. मग काय, माझे पाय जमिनीवर राहतील?

एकदा बायको वैभववाडीहून, माहेराहून, हसतच आली. "अहो, थंय भांड्यांच्या दुकानाच्या उद्घाटनाक तुमचाच गाऱ्हाणा स्पीकरवर लावल्यानी! नेटवर पण टाकल्यानी!"

"माका न विचारता? चोर मेले!"

"गाऱ्हाणा देवाचा. तुमचा खंयचा? लोकांचा बरा झाला तर तुमच्या पोटात कित्याक दुखता?"

"देव ऐकणारो. बोलणारो मी!"

पेटलोच ना मी! कॉपीराइटची तक्रार ठोकली. दुकानाचा व्हिडिओ गायब! वर अशी सोय केली, की माझं गाऱ्हाणं कुणीही नेटवर वाजवलं की तिथल्या तिथे बंद. फोनवर दुकानदाराशी तर एवढा भांडलो, की घसाच बसला.

आणि दुसऱ्या दिवशी आमच्या घरातल्या होमस्टेचं उद्घाटन! थोरला दादा मुंबईत, पाय प्लास्टरात. या घरात त्याचा केवढा जीव! म्हणाला, "माका लाइव्ह दाखव रे. मी हयसून व्हय म्हाराजा म्हणतंय."

होमस्टेच्या नव्या खात्यावरून लाइव्ह सुरू केलं. नारळ ठेवला, तोंड उघडलं, तर नुसती हवा! आवाजच फुटेना.

बायको म्हणाली, "लावा तुमचो व्हिडिओ स्पीकरवर."

काय करणार? लावला. पहिल्या "व्हय म्हाराजा"ला पडदा काळा! 'हा आवाज दुसऱ्याच्या मालकीचा आहे. मालकाची परवानगी घ्या.'

दादाचा फोन. "अरे, काय्येक दिसणा नाय! मी हय एकटोच वरडतंय, शेजारी बघूक इले मरे!"

कसं सांगू, रडूच यायचं बाकी होतं! घाईघाईने परवानगी मागितली. टिंग! मागणी माझ्याच मोबाइलवर आली, आणि उत्तरही लगेच गेलं. रागाच्या भरात मीच ते आपोआप जाईल असं लावून ठेवलेलं. 'चोरांना परवानगी नाही. देवाला तरी घाबरा!'

बायकोने ते सगळ्यांना वाचून दाखवलं. मग दादाला साधा व्हिडिओ कॉल लावला, पदर खोचला आणि नारळासमोर स्वतःच उभी राहिली.

"बा देवा म्हाराजा! आपल्याच घरात चोरी करताना गावलेल्या ह्या शाण्याक बुद्धी दी!"

सगळ्यात आधी "व्हय म्हाराजा" ओरडला तो फोनमधला दादा.