आडनावासकट

"ताई, आधी पूर्ण नाव सांगा. आडनावासकट."

रविवारची सकाळ. मोबाइलच्या पडद्यावर चौकोनाचौकोनात बसलेले शहाणे लोक. शेअर बाजारातल्या स्वतंत्र विचारांच्या माणसांचा हा ऑनलाइन गट, असं वरच लिहिलेलं. कुणाच्या टिपा घ्यायच्या नाहीत, स्वतःचं डोकं चालवायचं. दर रविवारी एकानं एखादी कंपनी मांडायची आणि दुसऱ्यानं कॅमेरा सुरू करून विरोधी बाजू घ्यायची, ही तिथली रीत. त्या दिवशी कंपनी मांडली होती गटप्रमुखानं. विरोधी बाजू माझी.

मी नंदनवन भागातली. धंतोलीतल्या एका दवाखान्यात बिलं करते. आठवडाभर त्या कंपनीचे अहवाल वाचले होते. "मले वाटते, हा शेअर आता लय महाग झाला," एवढंच बोलले आणि गटप्रमुखानं मला थांबवून नाव विचारलं. त्याआधी कुणालाच विचारलं नव्हतं.

मी आडनाव सांगितलं.

"अच्छा! म्हणजे आता बाजारातही आरक्षण? इथे सवलतीचे मार्क नसतात हो, ताई."

सगळे चौकोन हसले. चॅटमध्ये हसऱ्या चेहऱ्यांचा पूर. तिला बोलू द्या, असं एकही जण म्हणाला नाही. म्हणे स्वतंत्र विचारांची माणसं! आणि मीही हसले. कसनुसं. त्यांच्या हसण्यापेक्षा माझ्या त्या हसण्याची चीड मला आजही जास्त येते.

माझे बाबा कळमन्याच्या बाजारात पोती उचलतात. ते दारातून बघत होते.

"तू काहून हासली वं?"

मी मोबाइल पालथा ठेवला.

पुढे तो शेअर वाढला. चांगलाच वाढला. माझा अंदाज साफ चुकला आणि गटाला रान मोकळं मिळालं. "हे रक्तात असावं लागतं," एकानं लिहिलं. त्याच गटातल्या एका डॉक्टरनं सुचवलेली कंपनी पार बुडाली, तेव्हा हीच माणसं लिहीत होती, "होतं असं डॉक्टर, बाजार आहे." त्यांचं चुकलं की बाजार चुकतो. माझं चुकलं की जात चुकते. हे दिसलं आणि माझं डोकं सणकलं.

मग गटप्रमुखाचा फोन आला. आवाजात साखर.

"मनावर घेऊ नका. गटात फक्त पहिलं नाव ठेवा, आडनाव काढून टाका. कुणी काही म्हणणार नाही."

"तुमी तुमचं काढून राहिले का?"

"माझा काय संबंध?"

फोन मीच ठेवला.

त्यानंतरच्या रविवारी मी पूर्ण नाव लावून कॅमेरा सुरू केला. बाबांना शेजारी बसवलं. कुणाची वाट न बघता बोलले, "माहा अंदाज चुकला. काहून चुकला, ते मी सांगते. आडनाव मलेच काहून विचारलं, ते तुमी सांगा."

पडदा काळा झाला. मला गटातून काढलं होतं.

काढा. असे गट पुष्कळ आहेत आणि तिथेही हीच माणसं बसलेली असतील. मी जाणार. आडनाव लावून जाणार, माझ्या बोलीत बोलणार. बरोबर ठरलीस तरच बसू देऊ, ही तुमची अट मला मान्य नाही. मी पुन्हा चुकेन. चुकले, तरी जागा सोडणार नाही.